सरहद्दीवर राहायला आलेलं घराणं

सांगली, मिरज आणि शेजारचं कुपवाड यांची महापालिका १९९८ पासून एकच आहे. पण त्याआधी एका घराण्याच्या भांडणातून सांगली आणि मिरज ही दोन संस्थानं झाली होती.

कोकणातल्या कोतवड्याचे हरभट पटवर्धन घाट चढून आले आणि इचलकरंजीच्या घोरपड्यांचे कुलोपाध्याय झाले. भटजींच्या मुलांनी मात्र तलवार धरली. थोरल्या माधवराव पेशव्यांनी त्यांना मिरजेकडची मोठी जहागीर दिली ती काही पूर्वीच्या सेवेचं बक्षीस नव्हती. दक्षिणेला हैदर, शेजारी कोल्हापूर, मधे पटवर्धन! अमेरिकेतली कुटुंबं जमिनीच्या शोधात सरहद्दीवर गेली. इथे जमीन हाच पहाऱ्याचा पगार होता.

आणि पहारा महाग पडला. १७७७ मध्ये सावशीच्या लढाईत कोन्हेरराव मारले गेले. पांडुरंगराव पकडले गेले, ते हैदरच्या कैदेतच वारले. १७९९ मध्ये परशुरामभाऊ कोल्हापूरकरांशी लढताना पट्टणकुडीला पडले.

पांडुरंगरावांचे चिरंजीव चिंतामणराव तेव्हा लहान, म्हणून कारभार चुलते गंगाधररावांकडे गेला. पुतण्या मोठा झाल्यावर दोघांचं बिनसलं. १८०१ मध्ये घरचा गणपती सोबत घेऊन चिंतामणराव मिरजेतून निघाले, असं सांगतात. जेमतेम दहा किलोमीटरवर, कृष्णाकाठच्या सांगलीत त्यांनी नवी राजधानी मांडली.