मोह आणि त्याचा प्रतिकार : ख्रिस्तसभेची शिकवण

प्रभू येशूने आपल्या शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत एकूण सात मागण्या आहेत. त्यांपैकी सहावी मागणी मोहासंबंधी आहे. पवित्र मिस्सामध्ये, जपमाळेच्या वेळी आणि घरच्या सांजप्रार्थनेत आपण ती दररोज उच्चारतो. तथापि आपण नेमके काय मागत असतो, याचा विचार क्वचितच होतो. परिणामी आपल्या धर्मग्रामांत दोन चुकीच्या समजुती रूढ झालेल्या आढळतात. मनात वाईट विचार येताच आपण पाप केले, असे काही भाविकांना वाटते आणि ते महिनोन्‌महिने ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापासून दूर राहतात. याउलट, आपण नियमित चर्चला जातो, उपवास पाळतो, तेव्हा मोह आपले काहीच बिघडवू शकणार नाही, अशी काहींची खात्री असते. या दोन्ही समजुती आत्म्याला अपायकारक आहेत. म्हणून मोह म्हणजे काय, तो कोठून येतो, तो पापात केव्हा परिणत होतो आणि त्याचा प्रतिकार कसा करावा, यांविषयीची ख्रिस्तसभेची शिकवण आम्ही येथे क्रमाने मांडीत आहोत.

१. ‘परीक्षा’ आणि ‘मोह’

नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्या भाषेत परीक्षा आणि मोह या दोन्ही अर्थांनी एकच शब्द येतो, ‘पैरास्मोस’. त्यामुळेच मराठीत बायबल सोसायटीच्या भाषांतरात प्रभूच्या प्रार्थनेत ‘परीक्षा’ हा शब्द आढळतो, तर आपल्या कॅथोलिक प्रार्थनेत ‘मोह’ हा शब्द रूढ आहे. दोहोंत भेद मात्र आहे. सोने शुद्ध व्हावे म्हणून ते आगीत घातले जाते, त्याप्रमाणे देव आपली श्रद्धा दृढ व्हावी म्हणून परीक्षा येऊ देतो. मोहाचा हेतू मात्र आपल्याला देवापासून तोडण्याचा असतो. देव कोणालाही वाईटाचा मोह घालीत नाही, असे संत याकोब आपल्या पत्रात निःसंदिग्धपणे सांगतो (याकोब १:१३).

या भेदाला अनुसरूनच काही देशांतील धर्माध्यक्षांनी प्रार्थनेच्या भाषांतराचा फेरविचार केला. देवच आपल्याला मोहात लोटतो, असा गैरसमज होऊ नये म्हणून फ्रान्समध्ये ३ डिसेंबर २०१७ पासून या मागणीचे शब्द बदलण्यात आले. २०२० साली इटलीच्या नव्या मिस्साग्रंथातही तसा बदल झाला. मूळ मागणी मात्र तीच राहिली : पित्याने आपल्याला मोहाच्या वाटेवर एकटे सोडू नये.

२. मोहाचा उगम

परंपरेने ख्रिस्तसभा मोहाचे तीन उगम सांगते : जग, देह आणि सैतान. जग म्हणजे देवाने निर्माण केलेली सृष्टी नव्हे. सृष्टी चांगलीच आहे. येथे जग म्हणजे देवाला वगळून चालणारी विचारसरणी. सगळेच लाच घेतात, मग मी एकट्याने का नाकारावी, हा तिचा आवाज आहे. देह म्हणजे केवळ शरीर नव्हे, तर आपल्या स्वभावातील अव्यवस्थित ओढ. संत योहान देहाची वासना, डोळ्यांची वासना आणि संसाराविषयीची फुशारकी असे तिचे त्रिविध वर्णन करतो (१ योहान २:१६). सैतान हा तिसरा उगम. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या पवित्रतेविषयीच्या प्रबोधनपत्रात, सैतान ही निव्वळ कल्पना किंवा रूपक समजू नये, असे बजावले आहे.

बाप्तिस्म्याने आदिपाप धुतले गेले, तरी ही ओढ का राहते, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५४६ साली त्याचे उत्तर दिले आहे. बाप्तिस्मा घेतलेल्यांमध्ये वासनेचा कल उरतो, तो झुंजीसाठी. जे त्याला संमती न देता ख्रिस्ताच्या कृपेने त्याचा सामना करतात, त्यांना तो अपाय करू शकत नाही. वासनेचा हा कल पापातून आलेला आहे आणि पापाकडे झुकणारा आहे. परंतु तो स्वतः पाप नव्हे.

३. विचारापासून पापापर्यंत

महान संत ग्रेगरी हे ५९० ते ६०४ या काळात परमगुरुस्वामी होते. त्यांनी आपल्या प्रवचनांत मोहाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : सूचना, सुख आणि संमती.

सूचना म्हणजे मनात येणारा विचार वा डोळ्यांसमोर येणारे चित्र. तिच्यावर आपला ताबा नसतो. दारावर कोणी थाप मारली, तर त्याचा दोष घरधन्याकडे जात नाही. दुसरी पायरी सुखाची. विचार आपल्याला गोड वाटू लागतो. ही आपोआप उठणारी भावना असेल, तर अजूनही पाप घडलेले नसते. मात्र जाणूनबुजून तिच्याशी खेळत बसलो, तर आपण दार किलकिले केले असे समजावे. तिसरी पायरी संमतीची. इच्छाशक्ती ‘होय’ म्हणते आणि पाप घडते, मग कृती बाहेर घडो वा न घडो.

प्राणघातक पापासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात, असे १९९२ सालचा ‘कॅथोलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ’ शिकवितो : विषय गंभीर असणे, तो गंभीर असल्याचे पूर्ण ज्ञान असणे आणि पूर्ण संमती असणे. यावरून हे स्पष्ट होते की, नको असताना आलेला, आपण नाकारलेला विचार कितीही घाणेरडा असला तरी तो पाप नाही. उलट, त्याचा प्रतिकार केल्याने आपण कृपेत वाढतो. सिएना येथील संत कॅथरीन हिच्या चरित्रात एक प्रसंग सांगितलेला आहे. अश्लील विचारांच्या दीर्घ छळानंतर, इतका वेळ तू कोठे होतास, असे तिने प्रभूला विचारले. मी तुझ्या अंतःकरणातच होतो, असे उत्तर तिला मिळाले. ते विचार तिला दुःखद वाटत होते, हीच प्रभूच्या सान्निध्याची खूण होती.

४. योसेफ आणि दावीद

पवित्र शास्त्रात दोन व्यक्ती या विषयात आपल्याला विशेष बोध करतात. मिसर देशात पोटीफरच्या घरी गुलाम असलेल्या योसेफाला त्याच्या धन्याच्या पत्नीने दिवसेंदिवस गळ घातली. त्याने आधी नकाराचे कारण स्पष्ट सांगितले, आणि शेवटी आपले वस्त्र तिच्या हाती सोडून तो घराबाहेर पळाला (उत्पत्ती ३९). या शुद्धतेची किंमत त्याने तुरुंगात मोजली. पळून जाणे येथे भ्याडपणाचे नव्हते. काही मोहांशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्यापासून दूर जाणेच शहाणपणाचे असते.

दावीद राजाची कथा याहून वेगळी आहे (२ शमुवेल ११). राजांनी मोहिमेवर जाण्याच्या दिवसांत तो यरुशलेमात मागे राहिला. संध्याकाळी गच्चीवर फिरताना त्याला स्नान करणारी बथशेबा दिसली. दिसणे हे पाप नव्हते. परंतु त्याने चौकशी केली. ती विवाहित असल्याचे कळल्यावरही तिला आणविले. ती गरोदर राहिल्यावर पाप झाकण्यासाठी तिच्या नवऱ्याला, उरीयाला, रणातून बोलावून घेतले. आणि तो डाव फसल्यावर उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन त्याचा जीव घेतला. यातील प्रत्येक पायरीवर दाविदाला थांबता आले असते. मात्र पुढची पायरी मागच्या पायरीपेक्षा अवघड होत गेली. पाप एकटे राहत नाही, स्वतःला झाकण्यासाठी ते दुसऱ्या पापाला बोलावते. एका खोट्या सहीने बहिणीचा जमिनीतील हक्क डावलणारा भाऊ पुढे न्यायालयात खोटी शपथही घेतो, हा अनुभव आपल्या गावांनाही अपरिचित नाही.

५. अरण्यातील प्रभू

प्रायश्चित्त काळाच्या पहिल्या रविवारी ख्रिस्तसभा दरवर्षी प्रभूच्या मोहाचेच शुभवर्तमान वाचते : ‘अ’ वर्षी मत्तयचे, ‘ब’ वर्षी मार्कचे आणि ‘क’ वर्षी लूकचे. प्रभूला मोह झाला, तोही पवित्र आत्म्याने त्याला अरण्यात नेल्यानंतर. यावरून मोह होणे हे देवाने टाकल्याचे लक्षण नाही, हे सिद्ध होते.

पहिला मोह भाकरीचा. चाळीस दिवसांच्या उपासानंतर भूक लागणे स्वाभाविक होते. परंतु आपले सामर्थ्य केवळ स्वतःच्या पोटासाठी वापरण्याची ती सूचना होती. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याचा मोह श्रद्धेचा वेष घेऊन आला. त्यासाठी सैतानाने स्तोत्रसंहितेचा आधार दिला, हे आपण विसरता कामा नये. धर्मवचन तोंडी असलेला प्रत्येक आवाज देवाचा नसतो. जगातील राज्यांचा मोह हा सत्तेचा होता, आणि त्याची किंमत होती सैतानाला नमन. मत्तय आणि लूक या शेवटच्या दोन मोहांचा क्रम वेगळा देतात, परंतु प्रभूचे उत्तर दोन्हीकडे सारखेच आहे. तिन्ही वेळा त्याने अनुवाद या ग्रंथातील वचनांचा आधार घेतला. त्याने सैतानाशी वाटाघाट केली नाही. २०२३ सालच्या डिसेंबरात दुर्गुण आणि सद्‌गुण यांवरील शिकवणमालेचा प्रारंभ करताना पोप फ्रान्सिस यांनी याच मुद्द्यावर भर दिला होता : सैतानाशी संवाद करू नये. एदेन बागेत हव्वेने सर्पाशी संवाद केला, आणि तेथेच तिचा पराभव सुरू झाला. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिस्तपुराणा’त आदिमातापित्यांच्या पतनाची ही कथा मराठी ओवीत सांगितली आहे. आपल्या भाषेत हा बोध चार शतकांहून अधिक काळ वास करून आहे.

सैतान काही काळापुरता निघून गेला, असे लूक नमूद करतो (४:१३). एका विजयाने झुंज संपत नाही.

६. शत्रूच्या तीन युक्त्या

संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाला १५४८ साली परमगुरुस्वामींची मान्यता मिळाली. त्यातील विवेकाच्या नियमांत शत्रूची वागणूक उत्तम रीतीने उलगडलेली आहे. पहिली गोष्ट, समोरचा डगमगला की शत्रू चढून बसतो, आणि समोरचा ठाम राहिला की त्याचा जोर ओसरतो. म्हणून पहिल्याच क्षणी दिलेला नकार सर्वांत सोपा असतो. दुसरी गोष्ट, शत्रूला गुप्तता हवी असते. कोणाच्या मुलीला फूस लावणारा जसा, हे बापाला सांगू नकोस, असे बजावतो, तसा मोहही आपल्याला गप्प राहण्यास सांगतो. तो विश्वासू धर्मगुरूपुढे उघड केला की त्याचे बळ कमी होते. तिसरी गोष्ट, गडाला वेढा घालणारा सेनापती तटाची कमकुवत बाजू हेरतो, तसा शत्रू आपल्या स्वभावातील उणीव हेरून तेथेच घाला घालतो. एखाद्याची उणीव राग असेल, दुसऱ्याची मत्सर, तिसऱ्याची मद्य.

याच ग्रंथातील आणखी एक नियम अमोल आहे. मन उदास, कोरडे, अंधारलेले असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलू नये.

७. प्रतिकाराची साधने

प्रार्थना आणि जागरूकता. गेथशेमाने बागेत प्रभूने झोपलेल्या शिष्यांना जागे राहून प्रार्थना करण्यास सांगितले (मत्तय २६:४१). मोहाच्या क्षणी लांब प्रार्थना सुचत नाही. येशूचे नाव घेणे किंवा क्रूसाची खूण करणे पुरेसे असते.

पापाचे प्रसंग टाळणे. पश्चात्तापाच्या प्रार्थनेत आपण पापाचे प्रसंग टाळण्याचा निश्चय करतो. तो निश्चय ठोस असावा. रात्री एकांतात मोबाइलवर अश्लील चित्रफिती पाहण्याचा मोह होत असेल, तर मोबाइल झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवावा. लग्नसमारंभात पहिला पेला घेतल्यावर हात थांबत नसेल, तर पहिलाच पेला नाकारावा. ऑनलाइन जुगाराचे ॲप मोबाइलमध्ये ठेवून संयमाची प्रार्थना करणे विसंगत आहे.

संस्कार. पापनिवेदनाने क्षमा तर मिळतेच, शिवाय पुढील झुंजीसाठी बळही मिळते. पवित्र मिस्सामधील ख्रिस्तशरीर हे दुर्बलांचे अन्न आहे. गंभीर पापाची जाणीव असल्यास आधी पापनिवेदन करावे, हा ख्रिस्तसभेचा नियम आहे. परंतु नाकारलेल्या मोहामुळे कोणीही या मेजवानीपासून दूर राहू नये.

उपवास आणि दानधर्म. जी गोष्ट घेण्यास हरकत नाही, तिलाही कधीकधी नकार देण्याची सवय लागली, की निषिद्ध गोष्टीला नकार देणे सुलभ होते.

रात्रीचे आत्मपरीक्षण. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे दिवसाकडे पाहावे. मोह कोणत्या वेळी, कोणत्या संगतीत, कोणत्या मनःस्थितीत आला, हे कळले की तटाची पडकी बाजू दिसू लागते.

८. सवय, व्यसन आणि जबाबदारी

काही भाविक एकाच पापात वारंवार पडतात आणि निराश होतात. अज्ञान, भीती, जडलेली सवय व मानसिक कारणे यांमुळे कृतीची जबाबदारी कमी होऊ शकते, असे धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो. अर्थात, यामुळे प्रयत्न सोडण्याची मुभा मिळत नाही. मद्यपानासारखे व्यसन हा आजारही आहे आणि त्यावर उपचार घेणे हा पश्चात्तापाचाच भाग आहे. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या चळवळीचे गट आज आपल्याकडेही चालतात. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे कार्य करीत आहे. अशा ठिकाणी जाण्यात श्रद्धेची उणीव नाही. व्यसनी माणसाच्या पत्नीने आणि मुलांनीही हा भार लज्जेपोटी एकट्याने वाहू नये.

९. पडल्यानंतर

नाथान संदेष्ट्याने दोष दाखविताच दाविदाने सबबी सांगितल्या नाहीत. आपण पाप केले, असे त्याने कबूल केले (२ शमुवेल १२). पेत्रानेही तीनदा नाकारल्यावर अश्रू ढाळले आणि तो प्रभूकडे परतला. पतनानंतरचा सर्वांत मोठा मोह निराशेचा असतो. पाप करण्यापूर्वी सैतान ते क्षुल्लक असल्याचे भासवितो आणि नंतर ते अक्षम्य असल्याचे सांगतो. दोन्ही वेळा तो खोटेच बोलतो.

देव आपल्या शक्तीपलीकडे आपला मोह होऊ देणार नाही, तो निभावण्याचा मार्गही देईल, असे आश्वासन संत पौल करिंथकरांना देतो (१ करिंथ १०:१३). आपला महायाजक सर्व बाबतींत आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला, असे इब्री लोकांस लिहिलेले पत्र सांगते (४:१५). म्हणून आपण ज्याच्यापुढे गुडघे टेकतो, त्याला आपली झुंज ठाऊक आहे. ईस्टरच्या जागरणविधीत हाती मेणबत्ती घेऊन आपण दरवर्षी सैतानाचा व त्याच्या कृत्यांचा त्याग करतो. त्या रात्री मोठ्याने दिलेला नकार वर्षभर, कोणी पाहत नसतानाही, देत राहणे हेच आपल्या बाप्तिस्म्याचे जीवन होय.