पाचव्या हिश्श्याचा कायदा

उतारवयात इस्तंबूलमध्ये खैरुद्दीन पाशाने मुलांसाठी फ्रेंचमध्ये आठवणी सांगितल्या. आपण चेर्केस, एवढे त्याला ठाऊक होते. गाव आणि आईबाप मात्र आठवत नव्हते. गुलाम म्हणून विकलेला हा मुलगा १८३९ च्या सुमारास ट्युनिसच्या बेच्या, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याच्या, दरबारी आला आणि १८७३ ते १८७७ त्या राज्याचा पंतप्रधान झाला. आठवणी १९३४ मध्ये छापल्या गेल्या. मुलांपुढे बाप स्वतःची बाजू मांडणारच, म्हणून त्या इतर कागदांशी ताडून वाचाव्यात.

त्यातला पहिला कागद त्याचाच, १८६७ चे ‘अक्वम अल्-मसालिक’ हे पुस्तक. युरोपच्या भरभराटीच्या मुळाशी न्याय आणि स्वातंत्र्य आहे, आणि राज्यकर्त्याचा हात कायद्याने व सल्लामसलतीने बांधलेला असावा, असे त्याचे म्हणणे. हे नुसते पुस्तकी नव्हते. १८६१ च्या संविधानातून निघालेल्या महापरिषदेचे अध्यक्षपद त्याने १८६२ मध्ये निषेध म्हणून सोडले होते. पुढे डोईपट्टी ३६ वरून ७२ पियास्त्रे झाली, १८६४ मध्ये मुलूख पेटला आणि संविधान गुंडाळले गेले. कर्ज इतके चढले की १८६९ मध्ये तिजोरीवर आंतरराष्ट्रीय आयोग बसला.

पंतप्रधानपदी त्याच्याआधी होता मुस्तफा खझनदार, त्याचाच सासरा. त्याची जप्त मालमत्ता वक्फ म्हणून लावून १८७५ मध्ये सादिकी विद्यालय उभे राहिले. तिथे अरबीबरोबर फ्रेंच, इटालियन, तुर्की आणि गणित शिकवत. स्वतंत्र ट्युनिशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष हबीब बुर्गिबा पुढे याच शाळेत शिकले. सासऱ्याच्या लुटीतून नातवांच्या पिढीसाठी शाळा, हा हिशेब मला त्याच्या साऱ्या कारकिर्दीत सर्वांत नेटका वाटतो.

पण १८७४ चा खम्मासांचा कायदा वाचताना हात थबकतो. खम्मास म्हणजे पिकाच्या पाचव्या हिश्श्यावर दुसऱ्याचे शेत कसणारा. उचल फिटेपर्यंत त्याने मालकाला सोडून जाऊ नये, असे या कायद्याने ठरवले. लागवड वाढावी हा हेतू खरा असेल; पण ऋणकोला शेताशी जखडणाऱ्या त्या कायद्यामागचा पंतप्रधान स्वतः बाजारात विकला गेलेला होता.

खुद्द त्याच्याकडे बेने दिलेली एन्फिदाची जहागीर होती, सुमारे एक लाख हेक्टरांची. पद गेल्यावर तो इस्तंबूलला गेला. तिथे १८७८-७९ मध्ये काही महिने उस्मानी साम्राज्याचा वजीर-ए-आझमही होता. १८८० मध्ये ती जहागीर त्याने मार्सेच्या एका कंपनीला विकली. त्या व्यवहारावरून तंटा माजला, आणि १८८१ मध्ये फ्रेंच फौज ट्युनिशियात शिरली तेव्हा पुढे केलेल्या सबबींत एन्फिदाही होती.