ब्रीद लॅटिनमध्ये, अर्थ सर्वांसाठी

मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून बाहेर पडणाऱ्या प्रवाशाने समोरच्या महापालिका मुख्यालयाकडे मान उंचावून पाहिले, तर इमारतीच्या दर्शनी भागाच्या माथ्यावर पंख असलेली एक प्रतीकात्मक मूर्ती दिसते. ही मूर्ती एखाद्या देवतेची नाही. एका लॅटिन ब्रीदवाक्याला दिलेले ते मूर्त रूप आहे. 'अर्ब्स प्रिमा इन इंडिस', म्हणजे 'हिंदुस्थानातील पहिली नगरी', हे ते वाक्य. टर्मिनस आणि हे मुख्यालय या दोन्ही वास्तूंचे वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स होत. महापालिकेची इमारत १८९३ मध्ये पूर्ण झाली. त्या काळी मुंबईला आपल्याविषयी काय वाटत होते, हे या चार लॅटिन शब्दांत सामावलेले आहे.

ब्रीदवाक्य म्हणजे केवळ बोधचिन्हाखालची शोभेची ओळ नव्हे. मराठीतील 'ब्रीद' हा शब्दच त्याचे मर्म सांगतो. ब्रीद मिरवायचे असते, तसेच ते राखायचेही असते. 'पतितपावन' हे तुझे ब्रीद आहे, ते आता खरे करून दाखव, असे थेट विठ्ठलाला बजावण्याची परंपरा संतवाङ्मयात आहे. देवालाही जे चुकले नाही, ते संस्थांना, नगरांना आणि राष्ट्रांना कसे चुकेल? मात्र त्यासाठी ब्रीदाचा अर्थ ठाऊक असावा लागतो. जगातील असंख्य संस्थांची ब्रीदे आजही लॅटिनमध्ये असल्याने तो अर्थ बहुतेकांपर्यंत पोहोचतच नाही.

लॅटिनच का?

रोमन साम्राज्य लयाला गेले, तरी लॅटिन ही पश्चिम युरोपातील धर्मपीठे, न्यायालये आणि विद्यापीठे यांची भाषा म्हणून अनेक शतके टिकून राहिली. थोड्या शब्दांत मोठा आशय मांडण्याची तिची क्षमता ब्रीदवाक्यांना फार सोयीची होती. शब्दांच्या अंती लागणाऱ्या प्रत्ययांमुळे सहायक शब्दांची गरज उरत नाही. संस्कृतशी परिचित असलेल्या वाचकाला हे सहज उमगेल. या दोन्ही भाषा एकाच कुळातील आहेत. १७८६ मध्ये कलकत्त्यातील व्याख्यानात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातील नात्याकडे लक्ष वेधले होते. 'देउस' आणि 'देव', 'विर' आणि 'वीर', 'नोवुस' आणि 'नव' या जोड्या त्या नात्याची साक्ष देतात.

याला दुसरी बाजूही आहे. जी भाषा सर्वांना येत नाही, ती अधिकाराची भाषा बनते. ईस्ट इंडिया कंपनीचे ब्रीद होते 'आउस्पिसिओ रेजिस एत सेनातुस आंग्लिए', म्हणजे 'इंग्लंडचा राजा आणि संसद यांच्या छत्राखाली'. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्यासाठी पाडलेल्या कंपनीच्या तांब्याच्या नाण्यांवर एका बाजूला कंपनीचे राजचिन्ह आणि हे ब्रीद असे, तर दुसऱ्या बाजूला तराजू आणि फारसी लिपीतील 'अदल', म्हणजे 'न्याय', हा शब्द. ते नाणे कनवटीला बांधणाऱ्या शेतकऱ्याला यातली एकही बाजू वाचता येण्याचा संभव नव्हता. कोणाच्या सत्तेखाली आणि कोणत्या न्यायाने आपण राहतो, हे त्याच्याच कमरेला असूनही त्याला कळत नव्हते.

ब्रिटिश राजचिन्हावरील 'दिए ए मों द्रुआ' (देव आणि माझा हक्क) हे वाक्य अनेकांना लॅटिन वाटते. प्रत्यक्षात ते फ्रेंच आहे. प्रिन्स ऑफ वेल्सच्या चिन्हावरील 'इश दीन' (मी सेवा करतो) हे जर्मन आहे.

नगरांची बिरुदे

मुंबईच्या ब्रीदाशी मिळतेजुळते एक ब्रीद त्याआधीही अस्तित्वात होते. हिंदुस्थानात दाखल झालेली ब्रिटिश राजाची पहिली पलटण म्हणून ३९ व्या पायदळ पलटणीने 'प्रिमुस इन इंडिस', म्हणजे 'हिंदुस्थानात पहिला', हे बिरुद मिरवले. ही पलटण १७५४ मध्ये येथे आली आणि १७५७ च्या प्लासीच्या लढाईत तिचे सैनिक होते. पलटणीचे बिरुद पुल्लिंगी 'प्रिमुस', तर नगरीचे स्त्रीलिंगी 'प्रिमा', एवढाच व्याकरणाचा फरक.

पॅरिसचे ब्रीद याहून वेगळ्या वृत्तीचे आहे. 'फ्लुक्तुआत नेक मेर्गितुर', म्हणजे 'लाटांवर हेलकावते, पण बुडत नाही'. नगरीच्या चिन्हावर जहाज आहे. सीन नदीवरील नाविकांच्या संघाशी त्याचे मूळ जोडले जाते. १८५३ मध्ये प्रशासक ओस्मान यांनी या वाक्याला अधिकृत दर्जा दिला. १३ नोव्हेंबर २०१५ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर हीच ओळ पॅरिसच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत रंगवली गेली. शाळेच्या पुस्तकांत आणि सरकारी कागदांवर पडून राहिलेले लॅटिन एका रात्रीत नागरिकांच्या तोंडी आले. संकटकाळी उपयोगी पडते ते खरे ब्रीद, याचे याहून ठळक उदाहरण मिळणे कठीण.

लंडन सिटीचे ब्रीद 'दोमिने दिरिजे नोस' (प्रभो, आम्हाला मार्ग दाखव) हे मात्र प्रार्थनेच्या रूपात आहे.

विद्येची ब्रीदे

१८५७ मध्ये हिंदुस्थानात तीन विद्यापीठे स्थापन झाली. त्यांची ब्रीदे तीन भाषांत आहेत. कलकत्ता विद्यापीठाचे इंग्रजीत, मुंबई विद्यापीठाचे 'शीलवृत्तफला विद्या' हे संस्कृतात, तर मद्रास विद्यापीठाचे लॅटिनमध्ये. मद्रासचे ब्रीद 'दोक्त्रिना विम प्रोमोवेत इन्सितम' हे रोमन कवी होरेस याच्या शब्दांवर आधारलेले असून, 'शिक्षण उपजत शक्तीला पुढे नेते' असा त्याचा अर्थ आहे. शिक्षण बाहेरून काही लादत नाही, मुळातले फुलवते, हा विचार त्यात आहे. मुंबईचे ब्रीद मात्र विद्येची परीक्षा चारित्र्य आणि आचरण यांवरून करते.

१८६९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे 'प्रोवोकान्स अद वोलांदुम' हे ब्रीद बायबलच्या 'अनुवाद' या ग्रंथातून आले आहे. पिलांना घरट्यातून बाहेर पडून उडण्यास भाग पाडणाऱ्या गरुडाची प्रतिमा तिथे आहे. 'उडण्यास प्रवृत्त करणारा' असा त्याचा शब्दशः अर्थ. 'प्रोवोकान्स' या शब्दातील डिवचण्याची छटा लक्षात घेतली, तर उबदार घरटे हलवणे हेही शिक्षकाचे काम ठरते.

लंडनच्या रॉयल सोसायटीचे 'नुल्लिउस इन वेर्बा' हे ब्रीद विज्ञानाच्या इतिहासात सर्वाधिक चर्चिले गेले. १६६० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने होरेसच्याच ओळीतून हे तीन शब्द उचलले. 'कोणाच्याही शब्दावर विसंबू नये' हा त्याचा आशय. आधीच्या आचार्यांचे वचन हेच प्रमाण मानण्याऐवजी प्रयोगाने पडताळून पाहावे, अशी ती प्रतिज्ञा होती. मुंबईतील पारशी जहाजबांधणी तज्ज्ञ आर्देशिर कर्सेटजी वाडिया १८४१ मध्ये या संस्थेचे सदस्य झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

ऑक्सफर्डचे 'दोमिनुस इल्लुमिनातिओ मेआ' (प्रभू हाच माझा प्रकाश) आणि हार्वर्डचे 'वेरितास' (सत्य) ही ब्रीदे परिचित आहेत. येल विद्यापीठाने 'लुक्स एत वेरितास' (प्रकाश आणि सत्य) असे दोन्ही शब्द एकत्र घेतले आहेत.

राष्ट्रांची वचने

अमेरिकेच्या राजमुद्रेवरील 'ए प्लुरिबुस उनुम' (अनेकांतून एक) हे ब्रीद १७८२ मध्ये स्वीकारले गेले. रोमन लिपीत त्याची अक्षरे बरोबर १३ भरतात आणि स्वतंत्र झालेल्या वसाहतीही १३ होत्या. मात्र १९५६ मध्ये कायद्याने अधिकृत राष्ट्रीय ब्रीद म्हणून 'आमचा देवावर विश्वास आहे' या अर्थाच्या इंग्रजी वाक्याची निवड झाली. राजमुद्रेवरील लॅटिन कायम राहिले. एक वाक्य समाजाच्या घडणीविषयी बोलते, दुसरे श्रद्धेविषयी. देशाची ओळख कोणत्या वाक्याने व्हावी, हा वाद तेथे अद्याप मिटलेला नाही.

स्वित्झर्लंडमध्ये जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श अशा चार राष्ट्रभाषा आहेत. चौघींपैकी एकीला झुकते माप नको, म्हणून देशाचे 'कॉन्फोएदेरातिओ हेल्वेतिका' हे लॅटिन नाव कामी येते. मोटारींवरील आणि संकेतस्थळांच्या पत्त्यांतील 'सीएच' ही अक्षरे त्याचीच. तेथील संसद भवनाच्या घुमटात 'एकासाठी सर्व, सर्वांसाठी एक' या अर्थाचे लॅटिन ब्रीद कोरलेले आहे. युरोपीय संघानेही २४ अधिकृत भाषांच्या गोतावळ्यात आपल्या ब्रीदाचे लॅटिन रूप 'इन वारिएताते कॉन्कॉर्दिया' असे ठेवले आहे. 'विविधतेत एकता' हा त्याचा अर्थ भारतीयांना नवा नाही.

दक्षिण आफ्रिकेची कथा अधिक बोलकी आहे. वर्णद्वेषी राजवटीच्या काळात त्या देशाचे ब्रीद 'एक्स उनिताते विरेस' (ऐक्यातून सामर्थ्य) असे होते. ज्या व्यवस्थेने माणसांना रंगावरून वेगळे केले, तिच्याच चिन्हावर ऐक्याची ग्वाही होती. २००० मध्ये नवे राजचिन्ह आले आणि नवे ब्रीद तेथील मूळ रहिवाशांच्या झाम भाषेत लिहिले गेले. 'भिन्न लोक एकत्र येतात' असा त्याचा आशय आहे. झाम ही भाषा आज कोणाचीही मातृभाषा उरलेली नाही. कोणाचीच नाही म्हणून सर्वांची, या न्यायाने युरोपने लॅटिन निवडली. दक्षिण आफ्रिकेने त्याच न्यायाने आपल्या मातीतील हरवलेली भाषा निवडली.

व्यक्तींची ब्रीदे

संस्थांप्रमाणे व्यक्तीही ब्रीदे बाळगत. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिचे ब्रीद 'सेम्पर एआदेम' (सदैव तीच) होते. वनस्पती आणि प्राण्यांच्या द्विनाम पद्धतीचा पाया घालणारा लिनियस 'फामाम एक्स्तेंदेरे फाक्तिस' (कृतीने कीर्ती वाढवावी) हे वाक्य मिरवी. तत्त्वज्ञ देकार्त याने मात्र 'जो नीट लपून राहिला, तो नीट जगला' या अर्थाचे ब्रीद पसंत केले.

वेलिंग्टनच्या ड्यूकचे ब्रीद 'विर्तुतिस फोर्तुना कोमेस' (दैव हे शौर्याचे सोबती) असे आहे. हा ड्यूक म्हणजेच आर्थर वेलस्ली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे आणि भोसले यांच्या संयुक्त फौजेशी झालेल्या लढाईत इंग्रजांचा सेनापती तोच होता.

पोपही निवडीनंतर आपले ब्रीद ठेवतात. दुसरे जॉन पॉल यांचे 'तोतुस तुउस' (संपूर्णपणे तुझा) होते. २०२५ मध्ये निवडल्या गेलेल्या चौदाव्या लिओ यांचे 'इन इल्लो उनो उनुम' (त्या एकामध्ये आपण एक) असे आहे.

अर्थाचे अनर्थ

प्रसिद्ध ब्रीदांचे अर्थ अनेकदा निसटतात. 'मेन्स साना इन कॉर्पोरे सानो' याचा अर्थ 'निरोगी शरीरातच निरोगी मन वसते' असा सर्रास सांगितला जातो. मूळ रोमन कवी जुव्हेनल याने मात्र तसा दावा केलेला नाही. देवाकडे मागायचेच असेल तर निरोगी शरीर आणि त्यात निरोगी मन मागावे, एवढेच तो सुचवतो. या वाक्यात 'मेन्स'च्या जागी 'आनिमा' घालून पाच शब्दांच्या आद्याक्षरांतून 'असिक्स' या जपानी क्रीडासाहित्य कंपनीचे नाव तयार झाले आहे.

ऑलिम्पिकच्या 'सिटियस, आल्टियस, फोर्टियस' या ब्रीदाचे भाषांतर 'अधिक वेगवान, अधिक उंच, अधिक बलवान' असे केले जाते. खरे पाहता हे तिन्ही शब्द क्रियाविशेषणे आहेत. 'अधिक वेगाने, अधिक उंच, अधिक जोमाने' हे भाषांतर मुळाशी जवळचे. खेळाडू कसा आहे यापेक्षा तो कसा झटतो, यावर त्यात भर आहे. २०२१ मध्ये टोकियो येथे त्यात 'कॉम्युनिटर' (एकत्रितपणे) या चौथ्या शब्दाची भर पडली.

नेहमी भेटणारे शब्द

वेरितास: सत्य. लुक्स: प्रकाश.
लाबोर: श्रम. कोलकाता आणि लखनौ येथील ला मार्टिनियर शाळांचे 'लाबोरे एत कॉन्स्तान्तिया' (श्रम आणि सातत्य यांच्या बळावर) हे ब्रीद त्याचे उदाहरण.
अद: कडे, साठी. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयाचे 'अद देई ग्लोरिआम' (देवाच्या गौरवासाठी).
उल्त्रा: पलीकडे. स्पेनचे 'प्लुस उल्त्रा' (अजून पलीकडे) आणि कोलकात्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे 'निहिल उल्त्रा' (याच्या पलीकडे काही नाही).
मारे: समुद्र. कॅनडाचे 'आ मारी उस्क्वे अद मारे' (समुद्रापासून समुद्रापर्यंत).
आस्त्रा: तारे. ब्रिटिश हवाई दलाचे 'पेर आर्दुआ अद आस्त्रा' (खडतर वाटेने ताऱ्यांकडे).

पुन्हा मुंबईकडे

भारतीय संस्थांनी आपली ब्रीदे बहुधा संस्कृतातून घेतली. 'सत्यमेव जयते' मुंडकोपनिषदातून आले, तर हवाई दलाचे 'नभः स्पृशं दीप्तम्' आणि आयुर्विमा महामंडळाचे 'योगक्षेमं वहाम्यहम्' ही भगवद्गीतेतून. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या चिन्हावर आज 'यतो धर्मस्ततो जयः' हे महाभारतातील वचन आहे. सर्वोच्च न्यायालयाचे ब्रीदही हेच.

भाषा बदलली, तसा आशयही बदलला. 'हिंदुस्थानातील पहिली नगरी' हा दावा होता. तो एकदा केला की पुढे काही करावे लागत नाही. 'जिथे धर्म, तिथे जय' ही अट आहे. धर्म म्हणजे येथे कर्तव्य. नगरपालिकेच्या बाबतीत त्याचा अर्थ पाणी, रस्ते, रुग्णालये आणि शाळा असाच होतो. जुन्या ब्रीदाची मूर्ती मुख्यालयाच्या माथ्यावर उभी आहे आणि नवे ब्रीद त्याच इमारतीतून निघणाऱ्या कागदांवर छापलेले असते. मूर्ती पाहण्यासाठी मान वर करावी लागते. कागद मात्र प्रत्येक करदात्याच्या हाती येतो आणि ब्रीद राखले जाते की नाही, हे विचारण्याचा हक्कही त्यासोबतच येतो.