शिळेवरचा आकडा, पदकावरचे नाव

पहिल्या महायुद्धात लढलेल्या आजोबा-पणजोबांची आठवण निघाली, की आपण त्यांच्या शौर्याच्या कथा सांगू लागतो. इतिहासाला मात्र आधी नाव हवे असते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे येथील स्मृतिशिला त्या युद्धात कामी आलेल्या गावकऱ्यांचा आकडा सांगते : ४६. हे ४६ कोण होते?

मेसोपोटेमियातील कूट येथे ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांनी जी फौज वेढली, तीत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. शिधा घटत गेला आणि घोड्याचे मांस शिजू लागले. ते खाण्यास आपल्या शिपायांचे मन कितीतरी दिवस धजेना. शरणागतीनंतर वाळवंटातून कैदेची पायपीट झाली. अनेकजण परतलेच नाहीत. या रणभूमीचे स्मारक १९२९ साली बसऱ्यास उभे राहिले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्याच. अशा विषमतेबद्दल राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली माफी मागितली.

परंतु स्मारकाने गाळलेले नाव पदकाने राखले आहे. युद्धानंतर लढवय्या शिपायास मिळालेल्या चांदीच्या पदकाच्या कडेवर त्याचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे. म्हणून घरच्या पेटीतले असे पदक मोडीत घालण्यापूर्वी आपण त्याची कड वाचावी व तो मजकूर उतरवून ठेवावा. शिळेवरच्या आकड्याची पुन्हा माणसे करणे, हे नातवंडांचेच काम आहे.