खिशातली बॅटरी, घडीचा चाकू: घेताना काय बघाल?

रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला जाताय? बॅटरी हवीच, मण्यार, घोणस रात्रीच जास्त फिरतात. हौशी मंडळींच्या छोट्या, दमदार बॅटऱ्यांत बहुधा १८६५० सेल असतो: १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, ३.७ व्होल्टचा. सेलचं आवरण फाटलं किंवा तो दबला, तर वापरू नका. आगीत तर अजिबात टाकू नका. आयपीएक्स७ लिहिलेली बॅटरी १ मीटर पाण्यात ३० मिनिटं तग धरते.

घडीच्या चाकूला पातं अडकवणारा खटका हवा, नाहीतर ते बोटावर मिटतं. कार्बन स्टीलला धार लवकर लागते, गंजही लवकर चढतो. पुसून तेलाचं बोट फिरवा.

साप चावलाच तर हा चाकू खिशातच ठेवा. जखम कापू नका, १०८ ला फोन लावा.