दहशतवादी हल्ला व राष्ट्रीय मिथके : लातूर-नांदेड
हल्ल्यानंतर समाज स्वतःविषयीच्या जुन्या कथेतून नायक आणि दोषी निवडतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. या कथेतील रक्षणकर्त्या राजाच्या कसोटीला लातूरचे दोन नेते उतरले नाहीत. त्याच वर्षीच्या दिल्ली स्फोटांच्या दिवशी वारंवार कपडे बदलल्याची टीका ओढवलेले केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील चाकूरकर ३० नोव्हेंबरला पायउतार झाले. ताज हॉटेलच्या पाहणीत चित्रपट दिग्दर्शकाला सोबत नेणारे मुख्यमंत्री विलासराव देशमुखही पदावरून गेले. नांदेडचे अशोक चव्हाण त्यांच्या जागी आले. हल्लेखोर कसाबला घट्ट धरून ठेवणारे पोलीस तुकाराम ओंबळे मात्र थेट वीरकथेत गेले (मरणोत्तर अशोकचक्र). सागरी सुरक्षेतील ढिलाईपेक्षा पोशाखाचीच चर्चा अधिक रंगली, हे खटकणारे आहे. हल्ल्यानंतर राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा मात्र डिसेंबर २००८ मध्येच संमत झाला.