रूफटॉप टेंट घ्यावा की नाही? पैसे भरण्याआधी हे आकडे तपासा

गाडी थांबवायची, छतावरचा टेंट उघडायचा, शिडी लावायची आणि वर जाऊन झोपायचं. असलं रील आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलंय. एकदा पाहिलं की पुढचे पंधरा दिवस फोन टेंटच्याच जाहिराती दाखवत राहतो. पण ही वस्तू मोबाईलच्या कव्हरसारखी आवडली की घेतली, अशी नाही. वजन पन्नास-साठ किलो, खर्च लाखाच्या घरात आणि बसवायची जागा म्हणजे धावत्या गाडीचं छत. म्हणून या लेखात रूफटॉप टेंट म्हणजे काय, तो कोणत्या गाडीवर चालतो, खर्च कसा मोजायचा आणि तो कोणी घ्यावा, हे क्रमाने पाहू.

घाईत असाल तर माझं उत्तर आधीच सांगतो. वर्षातून पाच-सहा रात्री बाहेर काढणाऱ्याने रूफटॉप टेंट घेऊ नये, जमिनीवरचा चांगला टेंट आणि जाड गादी घ्यावी. रूफटॉप टेंट कामाला येतो तो रोज मुक्काम बदलणाऱ्या लांबच्या प्रवासात, आणि तोही गाडीचं छत ते वजन पेलत असेल तरच.

रूफटॉप टेंट म्हणजे नेमकं काय?

गाडीच्या छतावर आडव्या दांड्या, म्हणजे क्रॉसबार, बसवतात आणि त्यांच्यावर घडीचा टेंट बोल्टने आवळतात. आत गादी असतेच. ही कल्पना जुनी आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस इटलीत असे टेंट विकले जात होते. पूर्व जर्मनीत तर ट्राबंटसारख्या चिमुकल्या गाडीवरही लोक छतावरचा टेंट लावून फिरायचे. पुढे ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत तो जास्त रुळला, कारण तिथे शेकडो किलोमीटर वस्ती नसलेले रस्ते आहेत आणि रात्री जमिनीपासून वर झोपण्यात अर्थ आहे.

मुख्य प्रकार दोन:

- सॉफ्टशेल: कापडी टेंट, वरून कव्हर. पुस्तकासारखा उलगडतो. जागा जास्त, किंमत कमी. उघडायला ५ ते १० मिनिटं, आवरायला त्याहून जास्त.
- हार्डशेल: वर-खाली टणक कवच. क्लिप काढली की गॅस स्ट्रटवर उचलला जातो. एक-दोन मिनिटांत तयार. वाऱ्याला कमी अडतो, पण महाग आणि बऱ्याचदा जास्त जड.

आकडा पहिला: छताला किती वजन पेलतं?

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि दुकानदार नेमका इथेच घाईने पुढे जातो. छताची क्षमता दोन प्रकारची असते.

डायनॅमिक लोड म्हणजे गाडी धावत असताना छतावर चालणारं जास्तीत जास्त वजन. स्टॅटिक लोड म्हणजे गाडी उभी असताना चालणारं वजन. स्टॅटिक क्षमता कितीतरी जास्त असते, कारण उभ्या गाडीत वजन खांबांमधून सरळ खाली जातं. गाडी धावताना मात्र ब्रेक, वळणं आणि खड्डे असतात. कोरड्या रस्त्यावर कचकन ब्रेक दाबला तर ६० किलोचा टेंट क्लॅम्पला साधारण ४५-५० किलोच्या जोराने पुढे ओढतो. खड्ड्यात चाक आपटलं की वरून खाली हिसका बसतो, तो वेगळाच.

आता उदाहरण घ्या. रेनॉने ट्रायबर आणि कायगर या गाड्यांच्या रूफ रेलची क्षमता ५० किलो सांगितली आहे. क्रॉसबारचं वजन ६ किलो धरलं तर टेंटसाठी उरले ४४. बाजारातले बरेचसे दोन माणसांचे टेंट ४५ ते ७० किलोचे असतात. म्हणजे रूफ रेल मजबूत असूनही गणित बसत नाही.

दोन माणसं टेंटमध्ये झोपल्यावर एकूण वजन २०० किलोच्या पुढे जातं, मग छत दबणार नाही का, असं मला नेहमी विचारलं जातं. तो स्टॅटिक लोड झाला. नावाजलेल्या टेंट कंपन्या त्याचा विचार करूनच डिझाईन करतात. बहुतेक वेळा अडचण रात्री झोपताना येत नाही, दिवसा गाडी चालवताना येते.

इथे तीन गोष्टी लक्षात ठेवा:

- छत, रेल आणि क्रॉसबार या तिघांपैकी ज्याची क्षमता सगळ्यात कमी, तीच तुमची मर्यादा.
- बऱ्याच गाड्यांवरच्या रूफ रेल फक्त शोभेच्या असतात. दिसायला सारख्याच, पण वजनासाठी बनवलेल्या नाहीत. खात्री ओनर्स मॅन्युअलमधूनच करा.
- पॅनोरमिक सनरूफ असेल तर मॅन्युअलमधला छताच्या वजनाचा भाग दोनदा वाचा. टेंट लावल्यावर सनरूफ तसंही उपयोगाचं राहत नाही.

मॅन्युअलमध्ये डायनॅमिक आकडा सापडला नाही, तर त्या गाडीवर टेंट लावू नये, असं माझं सरळ मत आहे.

आकडा दुसरा: गाडीचा तोल

वजन वर गेलं की गाडीचा गुरुत्वमध्यही वर जातो. समजा गाडी १,२०० किलोची आहे आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर आहे. १८० सेंटिमीटर उंचीवर ६० किलोचा टेंट चढवला, तर नवा गुरुत्वमध्य जवळपास ६६ सेंटिमीटरवर येतो. दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर धरलं, तर वळणावर कलंडण्याला गाडी जो प्रतिकार करते तो सुमारे ९ टक्क्यांनी घटतो.

याचा अर्थ गाडी उलटेलच असा नाही. पण माळशेज किंवा वरंध घाटात नेहमीच्या वेगाने वळण घेतलं की गाडी जास्त झुलते, हे स्टिअरिंगवर जाणवतं. टेंट लावून फिरणाऱ्याला गाडी चालवायची सवयच बदलावी लागते.

आकडा तिसरा: उंची आणि मायलेज

गाडी १.७ मीटर, क्रॉसबार ०.१ आणि घडी केलेला सॉफ्टशेल टेंट ०.३ मीटर. झाली २.१ मीटर. अनेक मॉल आणि सोसायट्यांच्या तळघरातल्या पार्किंगच्या तोंडाशी नेमका एवढ्याच उंचीचा आडवा बार असतो. तुमच्या सोसायटीतली उंची आजच टेपने मोजा.

मायलेजचं म्हणाल तर १.३ मीटर रुंद आणि ०.३ मीटर उंच टेंट वाऱ्यासमोर सुमारे ०.४ चौरस मीटरची जादा भिंत उभी करतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ताशी ८० किमीच्या तुलनेत १०० किमीला तो दीडपटीहून जास्त होतो. समजा १५ चं मायलेज १३ वर आलं. मग १,००० किमीच्या प्रवासात सुमारे १० लिटर पेट्रोल जादा लागेल. म्हणजे हजारेक रुपये. वर्षभर टेंट छतावरच ठेवलात, तर ऑफिसला जाताना-येतानाही ही किंमत मोजत राहाल.

आकडा चौथा: एका रात्रीचा खर्च

किमती ब्रँडप्रमाणे खूप बदलतात, म्हणून इथे पद्धत दाखवतो. तुमचे आकडे तुम्ही टाका.

समजा टेंट १,००,००० आणि रॅक २०,००० रुपयांना पडला. पाच वर्षांनी ५०,००० ला विकला. निव्वळ खर्च ७०,००० रुपये.

- वर्षाला ६ रात्री, पाच वर्षांत ३० रात्री: एका रात्रीला सुमारे २,३३३ रुपये.
- वर्षाला २० रात्री, पाच वर्षांत १०० रात्री: एका रात्रीला ७०० रुपये.

आता जमिनीवरचा टेंट आणि चांगल्या गाद्या मिळून १०,००० रुपये धरा, आणि पाच वर्षांनी त्यांची किंमत शून्य समजा. ३० रात्रींचा हिशोब एका रात्रीला ३३३ रुपये होतो. दोन्हींमध्ये २,००० रुपयांचा फरक आहे, आणि इंधन यात धरलेलंच नाही. एवढ्या पैशांत बऱ्याच ठिकाणी साधी खोली मिळते.

आपल्याकडे तो वापरणार कुठे?

रूफटॉप टेंट गाडीला बांधलेला असतो. गाडी जिथे थांबते तिथेच तुम्ही झोपता. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, राजगड अशा ठिकाणी गाडी पायथ्याच्या गावातच राहते, त्यामुळे ट्रेकरला त्याचा उपयोग जवळपास नाही. पवना धरणाच्या परिसरात खासगी जागांवर कॅम्प चालतात आणि तंबू, जेवण, टॉयलेट सगळं भाड्यातच मिळतं. कोकणात किनाऱ्यावर गाडी उतरवली तर वाळूत रुतते, भरती आली की आणखी पंचाईत. गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्यावर २०१९ च्या कायदा दुरुस्तीपासून दंड आहे. म्हणजे टेंटशेजारी चूल मांडायचा बेत तिथे नको.

याउलट लडाख किंवा स्पितीची दहा-बारा दिवसांची ट्रिप घ्या. रोज नवा मुक्काम, दगडाळ जमीन, खुंट्या ठोकायला जागा नाही, संध्याकाळी झपाट्याने पडणारी थंडी. तिथे पाच मिनिटांत तयार होणारी कोरडी, सपाट गादी खरोखर मोलाची आहे. पण तिथेही नियम असतात. चंद्रतालच्या काठावर तंबू लावू देत नाहीत, कॅम्प काही किलोमीटर अलीकडे असतात. अभयारण्यात तर परवानगीशिवाय मुक्काम करताच येत नाही.

भंडारदऱ्याला मी एका मित्राच्या गाडीवरच्या टेंटमध्ये दोन रात्री राहिलोय. झोप उत्तम लागली, जमिनीचा ओलावा नाही, खडे टोचत नाहीत. पण सकाळी चार किलोमीटरवर दूध आणायला जायचं ठरलं आणि आधी अख्खा टेंट आवरावा लागला. रात्री दोनदा शिडी उतरावी लागली ती वेगळीच. सोबत आई-बाबा किंवा लहान मुलं असतील तर या शिडीचा विचार आधी करा.

पाऊस, वीज आणि ओला टेंट

सह्याद्रीत पावसाळ्यात टेंट ओला होणारच, आणि ओला घडी करून ठेवला तर काही दिवसांत बुरशी धरते. जमिनीवरचा टेंट बाल्कनीत वाळत घालता येतो. ६० किलोचा टेंट उतरवायला दोन माणसं लागतात आणि ठेवायला जागा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हा मुद्दा सोडू नये.

वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या तर टेंटमधून खाली उतरून गाडीत बसा आणि दारं-काचा बंद करा. धातूचं बंद छत विजेपासून संरक्षण देतं, त्याच्यावरचं कापड देत नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' हे मोफत ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं, ते फोनमध्ये असू द्या. आणि टेंटमध्ये शेगडी किंवा कोळसा कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. म्हणून छताला भोक पाडून किंवा वेल्डिंग करून रॅक बसवू नका, काढता येणारे क्लॅम्प वापरा. गाडीच्या बाजूंच्या किंवा ठरलेल्या उंचीच्या बाहेर जाणाऱ्या लोडवर कलम १९४ खाली २०,००० रुपयांपर्यंतचा भुर्दंड पडू शकतो. आरटीओत आधी विचारा. विमा कंपनीला ईमेल करा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. फोनवरचं "हो सर, चालतं" क्लेमच्या वेळी कामाला येत नाही.

पैसे भरण्याआधीची यादी

१. मॅन्युअलमधला डायनॅमिक लोड पाहा. टेंट + क्रॉसबार त्यापेक्षा कमी हवेत.
२. प्रवासी, सामान आणि टेंट मिळून गाडीच्या एकूण वजनमर्यादेत बसतात का?
३. सोसायटी आणि ऑफिसच्या पार्किंगची उंची.
४. गेल्या वर्षी खरोखर किती रात्री बाहेर काढल्या? पुढच्या वर्षीचे बेत मोजू नका.
५. टेंट उतरवून वाळवायची आणि ठेवायची जागा.
६. विमा कंपनीचं लेखी उत्तर.
७. भाड्याने मिळत असेल तर आधी दोन रात्री वापरून पाहा. फोनमधल्या लेव्हल ॲपने गाडी सपाट उभी करा, नाहीतर रात्रभर एका बाजूला घसरत राहाल.

मग माझा निर्णय काय?

वर्षाला १५-२० रात्री खरंच बाहेर राहत असाल, गाडीचं छत वजन पेलत असेल आणि टेंट ठेवायला जागा असेल, तर रूफटॉप टेंट जरूर घ्या, तो वसूल होईल. यातली एक अट जरी सुटली तरी सध्या थांबा. मी स्वतः चौथ्या मुद्द्यावरच अडलो, माझा आकडा सात निघाला. त्यामुळे मी जमिनीवरचा टेंट आणि दहा सेंटिमीटरची गादी घेतली, आणि उरलेले पैसे स्पितीच्या डिझेलसाठी बाजूला ठेवलेत.